डिझेल गाडीचा ईजीआर : पत्रा मारायचा की बिघाड शोधायचा?

शिर्डीच्या भाविकांची ने-आण करणारी इनोव्हा असो, आठवडे बाजार करणाऱ्या कापड व्यापाऱ्याची बोलेरो असो किंवा घरची स्विफ्ट असो, डिझेल गाडी काही वर्षे चालली की एक दिवस मालक ती गॅरेजसमोर आणून उभी करतो. "उस्ताद, पिकअप गेलाय, काळा धूर टाकते, ॲव्हरेजही पडलंय." मिस्त्री बॉनेट उघडतो, एक पाइप सोडवतो, आतली काजळी बोटाने दाखवतो आणि म्हणतो, "ईजीआर चोक झालाय. पत्रा मारून टाकू, कटकटच नको." पत्र्याचा एक तुकडा कापून गॅस्केटच्या जागी बसवला जातो. गाडी पळू लागते, मालक खूश होतो, मिस्त्रीला मजुरी मिळते.

हा उपाय आपल्या जिल्ह्यात इतका रुळला आहे की त्यालाच दुरुस्ती समजले जाते. मोटार दुरुस्तीच्या धंद्यावर आपल्याकडची अनेक घरे चालतात. नगर शहरातील माळीवाड्यापासून श्रीरामपूर, संगमनेर, कोपरगावपर्यंत मिस्त्री, वायरमन, डेंटर, रेडिएटरवाले यांत आपले कारागीर मोठ्या संख्येने आहेत. म्हणून या एका भागाविषयी जरा सविस्तर लिहीत आहोत. ईजीआरच्या नावाखाली गिऱ्हाइकाचा पैसा दोन प्रकारे वाया जातो. कधी चांगला व्हॉल्व्ह बदलला जातो आणि खरा बिघाड तसाच राहतो. कधी पत्रा मारला जातो आणि बिघाड फक्त झाकला जातो.

हा भाग कशासाठी?

ईजीआर म्हणजे एक्झॉस्ट गॅस रिसर्क्युलेशन. सायलेन्सरकडे निघालेल्या जळक्या वायूचा थोडा भाग परत इंजिनच्या हवेत मिसळायचा, एवढेच त्याचे काम. प्रथम ऐकणाऱ्याला हे उलटे वाटते. चांगली हवा सोडून घाण परत आत कशाला घ्यायची?

कारण उष्णतेत आहे. डिझेल इंजिनमध्ये हवेचा दाब आणि ताप फार मोठा असतो. ज्वाळेचा ताप साधारण दीड हजार अंश सेल्सिअसच्या पुढे गेला की हवेतलाच नायट्रोजन आणि ऑक्सिजन एकत्र येऊन नायट्रोजनचे विषारी ऑक्साइड तयार होतात. त्यांना नॉक्स म्हणतात. हा वायू दम्याच्या रोग्याला त्रास देतो, आणि उन्हात त्यापासून ओझोन बनतो. जळका वायू परत आत घेतला की ऑक्सिजनचे प्रमाण कमी होते, ज्वाळेचा ताप खाली येतो आणि नॉक्स कमी बनतो. मात्र त्याची किंमत मोजावी लागते. ऑक्सिजन कमी झाल्याने काजळी वाढते. नॉक्स दाबला की काजळी वाढते आणि काजळी दाबली की नॉक्स वाढतो, हे डिझेल इंजिनचे जुने दुखणे आहे.

सरकारी नियम कडक होत गेले तसे हे यंत्र प्रत्येक गाडीत आले. डिझेल मोटारीला किलोमीटरमागे बीएस-३ मध्ये ०.५० ग्रॅम नॉक्सची मुभा होती, बीएस-४ मध्ये ०.२५ ग्रॅम आणि बीएस-६ मध्ये फक्त ०.०८ ग्रॅम. बीएस-३ देशभर २०१० मध्ये, बीएस-४ एप्रिल २०१७ मध्ये आणि बीएस-६ एप्रिल २०२० मध्ये लागू झाले. आपल्या पुणे-नगर रस्त्यावर रांजणगावला फियाटचा कारखाना आहे. तेथे १.३ लिटरचे मल्टिजेट इंजिन बनत असे. इंडिका व्हिस्टा, मांझा, लिनिया, पुंटो या गाड्यांत ते होते आणि मारुतीच्या स्विफ्ट, डिझायरमध्येही त्याच बनावटीचे इंजिन होते. बीएस-६ आल्यावर मारुतीने डिझेल मोटारी बनवणेच बंद केले. पण रस्त्यावरच्या जुन्या गाड्या कुठे जाणार? त्या आता कंपनीच्या वर्कशॉपऐवजी आपल्या गॅरेजमध्ये येतात.

आधी विचारा, मग पाना हातात घ्या

काळा धूर दिसला की इंजेक्टर, पिकअप गेला की टर्बो, आणि दोन्ही एकदम झाले की ईजीआर, अशी आपल्याकडे एक पद्धत पडली आहे. खरे तर चोकअप झालेला एअर फिल्टर, टर्बो ते इंटरकूलरचा फाटलेला रबरी पाइप, खराब इंजेक्टर आणि उघडा अडकलेला ईजीआर, या चारही गोष्टींत धूर काळाच असतो. फरक कळतो तो गाडी कोणत्या वेळी धूर टाकते यावरून.

इंजिनवर पूर्ण भार पडतो, म्हणजे ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबला जातो, तेव्हा कंपनीची रचनाच अशी असते की ईजीआर बंद राहावा. तो काम करतो हलक्या आणि मध्यम भाराला. म्हणून मालकाला विचारा, गाडी करंजी घाट चढताना धूर टाकते की गावात सावकाश चालताना? फक्त घाटात, भरल्या गाडीला धूर होत असेल, स्लोवर इंजिन शांत असेल, तर आधी इंटरकूलरचे पाइप, फिल्टर आणि इंजेक्टर पाहा. उलट स्लोवरच इंजिन थरथरते, सकाळी स्टार्टला त्रास देते, हळू चालताना झटके मारते आणि घाटातही दम नसतो, तर व्हॉल्व्ह उघडा अडकल्याचा संशय घ्यायला जागा आहे. व्हॉल्व्ह बंद अडकला असेल तर मालकाला बहुधा काहीच जाणवत नाही. फक्त मीटरवर इंजिनची पिवळी लाइट लागते.

आणखी दोन प्रश्न विचारावेत. गाडीचे रोजचे चालणे किती आणि कसे? घर ते दुकान, दुकान ते शाळा, असे दोन-दोन किलोमीटर चालणाऱ्या गाडीचे इंजिन नीट तापतच नाही, आणि तिच्या ईजीआरमध्ये काजळी लवकर साठते. रोज पुण्याला जाणाऱ्या गाडीत ती तितकी साठत नाही. दुसरा प्रश्न, याआधी कोणी हे उघडले होते का? पत्रा आधीच मारलेला असेल तर आपण तासभर नसलेला बिघाड शोधत बसतो.

उन्हाळ्यात गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकण्याची सवय आपल्याकडे जुनी आहे. तसे केले की इंजिन नेहमी थंड चालते, डिझेल अर्धवट जळते आणि चिकट काजळी होते. अशा गाडीचा ईजीआर कितीदा साफ केला तरी परत भरणार. थर्मोस्टॅट जागेवर आहे की नाही, हे आधी पाहून घ्यावे.

तपासणीचा क्रम

इंजिन गरम करून घ्या. बऱ्याच गाड्यांत इंजिन थंड असताना ईजीआर चालूच होत नाही, त्यामुळे थंड इंजिनवरची परीक्षा फसवी ठरते. नंतर टॉर्च घेऊन व्हॅक्यूमच्या बारीक नळ्या पाहा. जुन्या गाड्यांत व्हॉल्व्ह व्हॅक्यूमवर उघडतो आणि त्याला हुकूम देणारा सोलेनॉइड वेगळा असतो. उन्हाने नळी तडकते, उंदीर कुरतडतात, टोक सैल होते. शे-दोनशेच्या नळीसाठी हजारोंचा व्हॉल्व्ह बदलल्याची उदाहरणे कोणत्याही जुन्या मिस्त्रीला विचारा.

हातपंप असेल तर स्लोवर चालत्या इंजिनच्या व्हॉल्व्हला थेट व्हॅक्यूम द्या. इंजिनचा आवाज बदलला, ते जड झाले, तर व्हॉल्व्ह उघडतो आहे आणि मार्ग मोकळा आहे. सुई हळूहळू खाली आली तर आतला पडदा फाटला आहे. सुई स्थिर आहे पण इंजिनला काहीच फरक नाही, तर व्हॉल्व्ह जाम आहे किंवा पुढचा मार्ग काजळीने बंद आहे. व्हॉल्व्हची नळी काढून तिचे तोंड बंद केल्यावर धूर गेला आणि पिकअप आला, तर व्हॉल्व्ह ठीक असून हुकूम देणारा सोलेनॉइडच चुकीच्या वेळी उघडत असावा. नळी बंद करूनही धूर तसाच राहिला, तर व्हॉल्व्ह काजळीने उघडा अडकलेला असू शकतो, किंवा दोष इतरत्र आहे. मग व्हॉल्व्ह खोलून डोळ्यांनी पाहिल्याशिवाय निर्णय देऊ नये.

नव्या गाड्यांत व्हॉल्व्हला छोटी विजेची मोटार आणि जागा सांगणारा सेन्सर असतो. येथे स्कॅनरला पर्याय नाही. पी०४०१ हा कोड प्रवाह कमी असल्याचे सांगतो, पी०४०२ प्रवाह जास्त असल्याचे, पी०४०३ वायरिंग किंवा सर्किटचा दोष, आणि पी०४०४ म्हणजे व्हॉल्व्ह सांगितल्या जागी पोचत नाही. पण कोड म्हणजे निकाल नव्हे. पी०४०१ आला की व्हॉल्व्ह बदला, असे कोणतेही पुस्तक सांगत नाही.

गोष्ट अशी आहे की गाडीच्या कॉम्प्युटरला ईजीआरमधला वायू थेट मोजता येत नाही. बहुतेक गाड्यांत तो फिल्टरजवळचा हवेचा सेन्सर बघतो. ईजीआर उघडला की तेवढी ताजी हवा कमी आत यायला हवी. तशी ती कमी झाली नाही तर कॉम्प्युटर समजतो की प्रवाह कमी आहे. आता हा हवेचा सेन्सरच धुळीने खराब झाला असेल तर? ऊसतोडणीच्या हंगामात कारखान्याच्या रस्त्यांवर काय धूळ उडते ते सांगायला नको. स्वस्त, जाळी फाटलेला फिल्टर लावला की ती धूळ सेन्सरच्या बारीक तारेवर बसते, आकडा चुकतो आणि दोष ईजीआरच्या माथी येतो.

म्हणून स्कॅनरवर चालू आकडे पाहावेत. इंजिन गरम, स्लोवर. स्कॅनरवरून व्हॉल्व्ह उघडायला सांगा. जागेचा आकडा सरकला आणि हवेचा आकडा ठळकपणे खाली आला, तर व्हॉल्व्ह आणि मार्ग दोन्ही ठीक आहेत. जागेचा आकडा सरकला पण हवेचा हलला नाही, तर मार्ग चोक आहे किंवा हवेचा सेन्सर बिघडला आहे. जागेचाच आकडा हलला नाही, तर व्हॉल्व्ह जाम, मोटार मेलेली किंवा वायरिंग तुटलेली. व्हॉल्व्ह बंद सांगूनही हवेचा आकडा कमीच राहिला, तर तो पूर्ण बसत नाही, नाही तर फिल्टर चोक आहे. या तपासणीला अर्धा तास लागतो. डोके उघडण्यापेक्षा तो स्वस्त आहे.

साफ करताना

काजळी सुकी आणि भुरभुरीत निघाली तर ती साध्या हळू चालण्याची आहे. ओली, डांबरासारखी निघाली तर तेल येते आहे. इंजिनच्या ब्रीदरमधून तेलाची वाफ जास्त येते किंवा टर्बोचा सील गेला आहे. तो दोष काढला नाही तर साफ केलेला व्हॉल्व्ह काही महिन्यांत परत तसाच होईल, आणि मालक म्हणेल की मिस्त्रीने काम नीट केले नाही.

विजेचा व्हॉल्व्ह रॉकेलच्या डब्यात बुडवून ठेवू नये, त्याची मोटार आणि सेन्सर मरतो. बसण्याची जागा स्क्रू-ड्रायव्हरने खरवडू नये, चरा पडला की व्हॉल्व्ह कायम लीक राहतो. कार्बोरेटर क्लीनर आणि कडक नायलॉनचा ब्रश पुरेसा आहे. खरवडलेली काजळी मॅनिफोल्डमध्ये पडू देऊ नये. चालू डिझेल इंजिनच्या हवेच्या पाइपात पेटणारा स्प्रे मारून आतून साफ करण्याची एक टूम निघाली आहे. डिझेल इंजिन जे पेटते ते जाळते, ते बेफाम पळू लागले तर चावी बंद करूनही थांबत नाही. तसे करू नये. गॅस्केट नवीनच लावावी. पुष्कळ गाड्यांत बसवल्यानंतर स्कॅनरवरून व्हॉल्व्हची जागा पुन्हा शिकवावी लागते, ते राहिले तर लाइट परत लागते. आणि काजळीवर हवेचा पाइप मारताना तोंडावर रुमाल तरी बांधावा. ती फुप्फुसात गेली की बाहेर येत नाही.

कूलर : न दिसणारा दोष

जळका वायू परत आत जाण्याआधी त्याला थंड करणारा एक छोटा कूलर असतो. त्याच्या एका बाजूने वायू, दुसऱ्या बाजूने रेडिएटरचे पाणी. तो आतून फुटला की पाणी हळूहळू कमी होते, बाहेर कुठेही गळती दिसत नाही, स्टार्ट करताना पांढरा धूर येतो. आपल्याकडे यावर एकच निदान ठरलेले आहे, हेड गॅस्केट गेले. हेड उतरते, मशीन शॉपला जाते, मालकाला मोठा खर्च पडतो आणि पाणी तरीही कमी होत राहते.

हेड उघडण्याआधी कूलर काढून त्याची दोन्ही पाण्याची तोंडे बंद करावीत, एकातून बेताची हवा भरावी आणि तो पाण्यात बुडवावा. बुडबुडे आले की दोष सापडला. रेडिएटरचे काम करणाऱ्या आपल्या कारागिरांना ही परीक्षा नवीन नाही.

कूलरकडे दुर्लक्ष केल्याने काय होते हे २०१८ मध्ये दक्षिण कोरियात दिसले. तेथे बीएमडब्ल्यूच्या डिझेल मोटारींना एकामागून एक आगी लागल्या. ईजीआर कूलरमधून गळलेले कूलंट काजळीत मिसळून साठत होते आणि गरम वायूने पेट घेत होते. कोरियात लाखाहून अधिक गाड्या परत बोलावल्या गेल्या आणि त्याच वर्षी जगभरचा आकडा सोळा लाखांवर गेला. इतकी नामांकित कंपनी, आणि दोष एका छोट्या कूलरचा!

आता पत्र्याविषयी

पत्रा मारला की गाडी सुधारते, हे खोटे नाही. काजळी आत जात नाही, पिकअप येतो, धूरही कमी दिसतो. पीयूसीसुद्धा पास होते. डिझेल गाडीच्या पीयूसीत मोजतात तो धुराचा दाटपणा. बीएस-४ पूर्वीच्या गाड्यांना ६५ आणि बीएस-४ ला ५० हार्ट्रिज ही त्याची मर्यादा. नॉक्स तेथे मोजलाच जात नाही. म्हणजे जो वायू दाबण्यासाठी हे यंत्र लावले तो बेसुमार सुटतो, डोळ्यांना दिसत नाही, आणि कागद मात्र साफ असतो.

हेच काम एका मोठ्या कंपनीने कॉम्प्युटरवर केले होते. २०१५ मध्ये अमेरिकेत फोक्सवॅगनची लबाडी उघड झाली. जगभरच्या सुमारे १ कोटी १० लाख डिझेल गाड्यांत असा प्रोग्राम होता की चाचणी चालू असल्याचे ओळखून गाडी स्वच्छ चालायची आणि रस्त्यावर आल्यावर नियंत्रण सैल सोडायची. त्यात ईजीआर कमी करणे हाही एक भाग होता. भारतात पुण्याच्या एआरएआयने तपासणी केली, तेव्हा रस्त्यावरचे उत्सर्जन बीएस-४ च्या मर्यादेच्या १.१ ते २.६ पट आढळले. डिसेंबर २०१५ मध्ये कंपनीने येथील ३ लाख २३ हजारांवर गाड्या परत बोलावण्याचे जाहीर केले. आपण भारतीय नियम मोडले नाहीत, असे कंपनीचे म्हणणे होते. राष्ट्रीय हरित लवादाने मार्च २०१९ मध्ये ५०० कोटींचा दंड ठोठावला, पुढे सर्वोच्च न्यायालयाने कंपनीवर सक्तीची कारवाई करण्यास मनाई केली. त्याआधी २०१३ मध्ये जनरल मोटर्सने उत्सर्जनाच्याच कारणावरून १ लाख १४ हजार तवेरा परत बोलावल्या होत्या. कंपनीने प्रोग्राम लिहिला, आपण पत्रा कापतो. हवेच्या दृष्टीने फरक काय?

नगर शहरालाच गाड्यांच्या चाचणीची परंपरा आहे. संरक्षण खात्याची व्हीआरडीई ही संस्था येथे आहे आणि मोटारींना मान्यता देण्यासाठी चाचणी घेणाऱ्या अधिकृत संस्थांत तिचे नाव आहे. जेथे गाडी नियमात बसते की नाही हे तपासले जाते, त्याच शहरात ती नियमाबाहेर काढण्याचे काम शंभर-दोनशे रुपयांत व्हावे, हे जरा विचित्रच.

धंद्याच्या दृष्टीनेही हिशेब पाहावा. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनंतर हवेच्या प्रदूषणाचे नियम मोडणारी गाडी चालवणे किंवा चालवू देणे यासाठी दहा हजारांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद आणि तीन महिने परवाना रद्द अशी तरतूद आहे. कायद्यात न बसणारा बदल मालकाने गाडीत केला तर त्याचा दंड वेगळा. नव्या गाड्यांत तर पत्रा चालतच नाही. कॉम्प्युटर ते ओळखतो, लाइट लावतो, कित्येकदा इंजिनची ताकद कमी करतो. मग लाइट घालवायला कॉम्प्युटरचा प्रोग्राम बदलणारा शोधायचा, त्याने काही बिघडवले तर गाडी पुन्हा आपल्याच दारात. बीएस-६ गाडीत काजळीचा फिल्टर, डीईएफची टाकी आणि ईजीआर ही सगळी साखळी एकमेकांत अडकलेली आहे. एक कडी तोडली की बाकीच्या बोंबलतात.

ज्यांची मुले या धंद्यात येणार आहेत त्यांनी त्यांना नुसते पाना धरायला न शिकवता आयटीआयचा मेकॅनिक डिझेल हा एक वर्षाचा किंवा मोटार व्हेईकल मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम करू द्यावा, आणि गॅरेजमध्ये एक बरा स्कॅनर घ्यावा. दोन-तीन गॅरेजवाल्यांनी मिळून घेतला तरी चालतो.

राहता राहिला पैशांचा प्रश्न. अर्धा तास तपासले आणि निघाली तुटकी नळी, तर मजुरी कशाची मागायची, असे मिस्त्रीला वाटते, म्हणून तो भाग बदलून पैसे काढतो. त्यापेक्षा तपासणीची मजुरी आधीच सांगावी आणि बिलावर वेगळी लिहावी. सोबत कोड कोणता आला, व्हॉल्व्ह उघडताना हवेचा आकडा किती होता आणि बंद असताना किती, हेही दोन ओळींत लिहून द्यावे. बदललेला जुना भाग पिशवीत घालून मालकाच्या डिकीत ठेवावा. पत्रा काढून व्हॉल्व्ह पुन्हा चालू केला असेल तर तो पत्राही त्याच पिशवीत टाकावा. गाडी संभाजीनगर रस्त्याने इमामपूर घाटापर्यंत नेऊन आणावी, परत आल्यावर स्कॅनर पुन्हा लावावा, आणि कोड परत आला नाही तरच चावी मालकाच्या हातात द्यावी.